झालंच नाही असं समज

गेल्या डिसेंबरात माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून आला होता. मी त्याला दादा म्हणते. बरोबर बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. एक दिवस आमच्याकडे डोंबिवलीला जेवायला आले. मटारची उसळ, पुऱ्या, श्रीखंड असं रीतसर जेवण झालं आणि सगळं घर आडवं झालं. दुपारी झोपणं हा प्रकार मुलीला काही पटेना. ती खोल्याखोल्यांतून भटकत राहिली, म्हणून मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून तिच्यापुढे ठेवली. झाकण उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि तिनं नाक मुठीत धरलं. मग आत काय आहे ते दिसलं आणि मूठ सुटली. तिकडच्या लायब्ररीत ती २०२४ साली सुरू झालेला नवा ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ वाचते. त्यातला पीटर पार्कर पस्तिशीचा, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे. ती फरशीवर पाय पसरून बसली, एकेक अंक चाळू लागली आणि मध्येच थांबली.

“आत्या, तुझ्या स्पायडरमॅनचं लग्न झालंय?”

“झालं होतं.”

“होतं म्हणजे? डिव्होर्स?”

“नाही गं.”

“मग ती मेली?”

“नाही. आहे की. मजेत आहे.”

“मग?”

मला उत्तर सुचेना. लग्न मोडण्याला आपल्या भाषेत शब्दांची काही कमी नाही. घटस्फोट आहे, काडीमोड आहे, विधुर आणि विधवा आहेत, परित्यक्ता आहे. नाहीच काही तर ‘ती हल्ली माहेरीच असते’ हे हलक्या आवाजात म्हणायचं वाक्य आहे. पण वीस वर्षं संसार केला आणि मग तो कधी नव्हताच, याला काय म्हणायचं? दादा दिवाणावर डोळे मिटून पडला होता. झोपलेला नव्हता. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. “लांबलचक आहे ते, नंतर सांगते,” म्हणून मी चहा टाकायला आत गेले. दूध उतू जाईपर्यंत ओट्याशी नुसती उभी होते.

‘वन मोअर डे’ ही स्पायडरमॅनची गोष्ट ज्यांनी वाचलीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये पीटरनं टीव्ही कॅमेऱ्यांपुढे मुखवटा काढला. मग जे व्हायचं तेच झालं. त्याचा जुना वैरी किंगपिन तुरुंगात होता, त्यानं तिथून मारेकरी लावला आणि पीटरसाठीची गोळी मे काकूला लागली. (आंट मे ही मराठी हिशेबानं सख्खी काकूच. पीटरच्या वडिलांचा भाऊ बेन, त्याची बायको. इंग्रजीत वाचतानासुद्धा माझ्या डोक्यात ती काकूच असते.) काकू हॉस्पिटलमध्ये, वाचायची आशा नाही. पीटर टोनी स्टार्कशी, म्हणजे आयर्न मॅनशी भांडतो, जादूगार डॉक्टर स्ट्रेंजच्या दारात जातो. सगळेच हात वर करतात. शेवटी मेफिस्टो येतो, म्हणजे त्यांच्याकडचा सैतानच. तो म्हणतो, काकूला वाचवतो. बदल्यात तुमचे आत्मे नकोत, तुमचं लग्न द्या. घटस्फोट नव्हे. हे लग्न कधी झालंच नव्हतं असं होईल, आणि तुम्हालाही ते आठवणार नाही. उद्या मध्यरात्रीपर्यंत काय ते ठरवा.

आणि ते देतात.

१९६६ साली मेरी जेननं पहिल्यांदा दारात उभं राहून वाचकांना तोंड दाखवलं. १९८७ मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या एकविसाव्या वार्षिक अंकात दोघांचं लग्न लागलं. म्हणजे एकवीस वर्षं जुळायला लागली आणि पुढची वीस वर्षं संसार. ते लग्न नुसतं कागदावर झालं नव्हतं. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्याआधी नवरा-नवरीचे कपडे घातलेली माणसं उभी करून ते जाहीरपणे लावलं गेलं, आणि भटजी होते खुद्द स्टॅन ली, स्पायडरमॅनच्या जन्मदात्यांपैकी एक. नवरीचा पोशाख विली स्मिथ नावाच्या खऱ्याखुऱ्या फॅशन डिझायनरनं केलेला. वार्षिक अंकात लग्नाच्या आदल्या रात्री दोघांनाही धास्ती वाटते, आपण चुकतोय की काय म्हणून, आणि दोघंही कार्यालयात उशिरा पोचतात. मला त्या लग्नातलं हेच सगळ्यात आवडतं. आमच्याकडच्या एकूण एक लग्नांत मुहूर्त टळायची वेळ आल्याशिवाय कोणी जागचं हललेलं नाही.

हे अंक माझ्याकडे कसे आले तेही सांगायला हवं. लहानपणी मी कॉमिक्सवाली झाले ती इंद्रजाल कॉमिक्समुळे, मराठीतल्या वेताळामुळे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटममुळे. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. नंतर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे सुटे, मागचापुढचा पत्ता नसलेले अंक मिळायचे. गोष्टीची सुरुवात एका वर्षी हाती लागायची आणि शेवट तीन वर्षांनी. मग इथंच छापलेली गॉथम कॉमिक्स आली. २००४ मध्ये तर त्यांनी मुंबईतला, धोतर नेसणारा पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन काढला. त्याचे चारच अंक निघाले, ते मी मोठ्या भक्तीनं घेतले आणि घरच्यांनी मनापासून थट्टा केली. पण ताजे अमेरिकन अंक म्हणजे कोणीतरी तिकडून येणं. २००८ च्या फेब्रुवारीत पौष संपल्यावर दादाचं लग्न होतं. त्यासाठी आला तेव्हा बॅगेत चॉकलेटं, मामासाठी दाढीचं मशीन आणि माझ्यासाठी ते चार अंक होते. ‘वन मोअर डे’, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्वतःच्या लग्नाला येताना हा माणूस लग्न पुसण्याची गोष्ट घेऊन आला होता. अर्थात त्यानं वाचली नव्हती. दुकानात जाऊन नवीन काय आहे विचारलं, त्यांनी दिलं, यानं आणलं.

मी ते केळवण आणि ग्रहमख यांच्या मधल्या एका रात्री वाचले, मामीच्या घरी, लाडवांच्या डब्यांशेजारी अंथरलेल्या गादीवर. चित्रं जो केसाडांची. ते त्या वेळी स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हलचे मुख्य संपादक, म्हणजे निर्णयही त्यांचा आणि पेन्सिलही त्यांचीच. लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की २००१ पासून ही मालिका लिहीत होते. त्यांना हा शेवट इतका खटकला की शेवटच्या दोन अंकांवरून माझं नाव काढा म्हणाले. नाव राहिलं, पण ते तसं म्हणाले होते हे जगजाहीर झालं. स्वयंपाक बिघडला की वाढणाऱ्या बाईचा चेहरा कसा सांगतो, तसं काहीसं त्या अंकांत जाणवतं. चित्रं देखणी, लाल-काळ्या रंगांत बुडालेली. पण माणसं आपणहून बोलत नाहीत, त्यांच्याकडून बोलवून घेतलं जातंय असं वाटतं. शेवटी पीटर सकाळी काकूच्या घरी, जुन्या पलंगावर एकटाच उठतो. काकू खालून हाक मारते. पीटरचा मेलेला मित्र हॅरी ऑसबॉर्न जिवंत होऊन पार्टी देतो. मेरी जेन तिथं दिसते आणि निघून जाते. सगळे पेले उंचावतात, नव्या दिवसासाठी. पुढच्या अंकांचं नावच ‘ब्रँड न्यू डे’. मी पान उलटलं, पुढे जाहिरात होती.

केसाडांचं म्हणणं काय होतं तेही सांगते, नाहीतर एकाच बाजूचं होईल. लग्नामुळे पीटर म्हातारा वाटतो. घटस्फोट दिला तर आणखी म्हातारा वाटेल, विधुर केला तर त्याहून. मग एकच रस्ता उरतो, जादू. या तर्कात चूक काढता येत नाही, आणि हाच माझा राग आहे. दुकान चालवणाऱ्याचा तर्क आहे तो. नाहीतर वेताळाचं बघा. डायनाशी त्याचं लग्न १९७७ मध्ये लागलं, मग जुळी झाली, आणि कवटीच्या गुहेत पाळणा हलला म्हणून तो म्हातारा झाला असं आमच्या आळीतल्या एकाही पोराला वाटलं नाही. उलट एकविसाव्या वेताळाला बावीसावा मिळणार याचंच आम्हाला समाधान होतं. गंमत म्हणजे वर्तमानपत्रांतून येणाऱ्या स्पायडरमॅनच्या चित्रपट्टीतही २००९ च्या सुरुवातीला पीटरला असाच ब्रह्मचारी करून पाहिलं. ती पट्टी स्टॅन लींच्या नावानं चालायची. काही महिन्यांतच ते सगळं स्वप्न होतं असं सांगून लग्न परत आणलं. म्हाताऱ्यानं आपण लावलेलं लग्न राखलं म्हणायचं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते लग्नाचं नाही, काकूचं. १९९५ च्या चारशेव्या अंकात मे काकू एकदा मेली होती. फार सुरेख मरण होतं ते. जायच्या आधी ती पीटरला सांगते की तू कोण आहेस ते मला कधीचं ठाऊक आहे. मग घरी, आपल्या बिछान्यात, घरच्यांच्या सोबतीत जाते. मी तो अंक सायनच्या एका रद्दीवाल्याकडे मिळवला आणि घरी येईपर्यंत लोकलमध्ये दाराशी उभं राहून रडले. तीनेक वर्षांनी कळलं की मेली ती काकू नव्हतीच, सोंग घेतलेली नटी होती. तेव्हाही चिडले होते. मग २००२ मध्ये स्ट्राझिन्स्कींनी एक अख्खा अंक नुसत्या गप्पांवर काढला. काकूला खरं काय ते कळलंय आणि ती आणि पीटर समोरासमोर बसून बोलतायत. खलनायक नाही, मारामारी नाही. बेनच्या मरणाचं ओझं दोघंही इतकी वर्षं गुपचूप आपापल्या अंगावर वागवत होते, हे त्या टेबलापाशी बाहेर येतं. मेफिस्टोच्या सौद्यात तेही गेलं. पीटरची ओळख पुन्हा गुपित झाली, म्हणून काकूही विसरली. ज्या बाईला वाचवायचं तिच्याशी झालेलं सगळ्यात खरं बोलणं पुसून तिला वाचवलं.

वडाला फेरे घालणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेल्या मुलीला हे पचणं अवघड होतं. सावित्रीनंही मृत्यूशी घासाघीस केलीच की. पण तिनं काही देऊन टाकलं नाही. सासऱ्याचे डोळे, राज्य, वडिलांना मुलगे, स्वतःला मुलगे असं एकेक मागत गेली आणि यमाला त्याच्याच शब्दात पकडलं. शंभर मुलं हवीत तर नवरा द्यावा लागेल. आमची आजी दरवर्षी ही गोष्ट सांगताना इथं थांबायची आणि आमच्याकडे असं बघायची, जणू ही युक्ती तिनंच सुचवली होती. नवसात द्यावं लागतं, पण फेडलेला नवस गावाला माहीत असतो. बोकड गेला हे आठवतं, म्हणून तर तो नवस. इथं द्यायचंही आणि दिलं हेही विसरायचं.

मेफिस्टो मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तुमच्या आत्म्याचा एक बारीकसा तुकडा हे विसरणार नाही, तो आतल्या आत ओरडत राहील आणि ते ऐकण्यातच माझी मजा आहे, अशा अर्थाचं काहीतरी. मला ते वाचताना लख्ख वाटलं की हा तुकडा म्हणजे आम्ही. पीटरला आठवत नाही, मेरी जेनला आठवत नाही, न्यूयॉर्क शहराला आठवत नाही. डोंबिवलीत एका पत्र्याच्या ट्रंकेत आठवतंय. मेफिस्टो एक लाल केसांची छोटी मुलगीही दाखवतो. तुम्हाला झाली असती ती ही, आता होणार नाही. त्या पानावर मी अंक मिटला होता, आणि मिटलेल्या अंकात बोट घालून बराच वेळ बसले होते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मामीकडे सत्यनारायण होता. नवी वहिनी आतल्या खोलीत एकटी बसली होती. नऊवारीची सवय नसल्यानं तिला धड मांडी घालता येत नव्हती. वेळ जात नाही म्हणाली, म्हणून मी ते चार अंक तिला दिले. तिनं शाळेपासून अशी चित्रं वाचलेली होती, पीटर बीटर सगळं माहीत होतं. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अर्ध्या तासानं गेले तर ती शेवटच्या अंकावर होती. चौथ्या अंकात मेरी जेन हो म्हणायच्या आधी मेफिस्टोच्या कानात काहीतरी सांगते आणि तो ते मान्य करतो. काय ते वाचकाला ऐकू येत नाही. वहिनी त्या पानावर थांबली होती.

“काय सांगितलं असेल हिनं?”

“लिहिलेलं नाही ना.”

“मला कळलंय,” ती म्हणाली आणि हसली. तेवढ्यात बाहेरून आरतीला हाक आली. ताट धरायला तिलाच बोलावत होते. पुढे विचारायचं राहिलं.

अडीच वर्षांत ते लग्न मोडलं. तिकडेच, कागदोपत्री, सभ्यपणे. कोणाचं काय चुकलं मला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांचं मी ऐकलेलं नाही. मामीनं सहा महिने जेवण टाकलं होतं. मग एक दिवस ती उठली आणि घर आवरायला घेतलं. लग्नातल्या आहेराच्या स्टीलच्या भांड्यांवर दोघांची नावं आणि तारीख घातलेली होती, ती मशीननं टिंबटिंब करून घालतात तशी. मामीनं ती सगळी भांडी पिशव्यांत भरून भांडीवाल्याकडे नेली आणि नावं घासून आणली. आजही तिच्याकडे पाणी प्यायला घेतलं की पेल्याच्या कडेखाली एक पट्टा बाकीच्या पेल्यापेक्षा चकचकीत लागतो. आईला म्हणाली, “झालंच नाही असं समज.” आई समजली. मीही समजले. आमच्याकडे त्याच आहेरातला एक डबा आहे, पोह्यांचा. त्याला घासायला पाठवण्याचं आमच्या लक्षात आलं नाही, की आणलं नाही, माहीत नाही. तो फडताळात नावाची बाजू भिंतीकडे करून असतो. धुऊन ठेवताना हात आपोआप तसा वळतो.

मग दादाचं दुसरं लग्न झालं, साधंसं. ही वहिनी शांत, मायाळू, श्रीखंडात केशर घालणारी. आणि ही पोरगी झाली. तिला काहीच सांगितलेलं नाही. लहान आहे म्हणून. पुढे कधी सांगणार आहेत तेही मी विचारलेलं नाही. सतरा वर्षं मी त्या चार अंकांना नावं ठेवत आलेय. जो भेटेल त्याला पटवून देत आलेय की असं पुसून पुढे जाता येत नाही, तो वाचकाचा अपमान आहे. आणि माझ्यासमोर फरशीवर पाय पसरून, ओठांच्या कोपऱ्याला श्रीखंड लागलेली, एक मुलगी बसली होती. पहिलं पान पुसलं नसतं तर ती नसती. हिच्याकडे बघून मी माझा मुद्दा कुठल्या तोंडानं मांडू? आणि हिच्याकडे बघूनही मला ती कानात कुजबुजणारी आठवत होती, त्याला काय करू?

चहा घेऊन बाहेर आले तर दादा उठून बाल्कनीत गेला होता. मुलगी चौथ्या अंकापर्यंत पोचली होती. तिनं पान माझ्यापुढे धरलं. मेरी जेन, मेफिस्टोचा कान. बाजूच्या पांढऱ्या कडेवर एक पिवळा ठसा, अंगठ्याचा. कागद इतक्या वर्षांत तपकिरी पडलाय, पण ठसा तस्साच. रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. सत्यनारायणाच्या दिवशी वहिनीच्या अंगाची हळदही उतरली नव्हती.

“हे काय आहे?”

“हळद.”

“कोणाची?”

बाल्कनीत दादानं कप कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला.

“माझीच असेल,” मी म्हटलं. “स्वयंपाक करता करता वाचते ना मी.”

तिनं स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. मावला. मग पान उलटलं.